बडोद्याचे कुलगुरू: नेमणूक, काम, पगार आणि वाद – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरूंबद्दल बडोद्यातल्या मराठी घरांतून काही प्रश्न सतत येतात. कधी प्रवेशासाठी धावपळ करणारे पालक विचारतात, कधी नुकती पीएचडी झालेली मुलं, तर कधी निवृत्तीला टेकलेले प्राध्यापक. उत्तरं खाली दिली आहेत. क्रम प्रश्नांच्या गर्दीचा आहे, महत्त्वाचा नाही.

कुलगुरू, कुलपती, कुलाधिपती यांतले व्हीसी कोणते?

या पानावर कुलगुरू म्हणजे व्हाइस चान्सेलर आणि कुलाधिपती म्हणजे चान्सेलर. बडोद्याच्या गुजराती वर्तमानपत्रांत ‘कुलपति’ दिसलं की व्हीसी समजायचं. पुण्याच्या वर्तमानपत्रात तोच शब्द चान्सेलरसाठी असतो. विद्यापीठाचा कारभार प्रत्यक्ष चालवणारी व्यक्ती म्हणजे कुलगुरू.

बाकी सगळीकडे राज्यपाल कुलाधिपती असतात, मग इथे राजघराण्यातली व्यक्ती कशी?

हे विद्यापीठ १९४९ साली प्रतापसिंहराव गायकवाडांच्या पुढाकाराने उभं राहिलं. आजोबा सयाजीराव महाराजांची इच्छा म्हणून त्यांनी त्यासाठी मोठा विश्वस्त निधी केला. १८८१ चं बडोदा कॉलेज आणि १८९० चं कलाभवन या जुन्या संस्था त्यात सामावल्या. कुलाधिपतिपद तेव्हापासून गायकवाड घराण्याकडे आहे. प्रतापसिंहरावांनंतर फत्तेसिंहराव, मग २०१५ पर्यंत मृणालिनीदेवी पवार आणि आता राजमाता शुभांगिनीराजे गायकवाड. २०२३ च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने राज्यातली ११ विद्यापीठं एकाच कायद्याखाली आणली, पण ही परंपरा तशीच ठेवली.

पदवीदान समारंभात अध्यक्षस्थानी कुलाधिपती असतात म्हणून रोजची सूत्रंही राजवाड्यातून हलतात असा अनेकांचा समज असतो. तसं काही नाही. नेमणूक, निधी आणि धोरण या तिन्ही गोष्टी गांधीनगरच्या शिक्षण विभागाशी बांधलेल्या आहेत.

पहिले कुलगुरू कोण होते?

हंसाबेन मेहता, १९४९ ते १९५८. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता त्यांचे वडील. त्यांचं शिक्षण बडोदा कॉलेजातच झालं. त्या संविधान सभेच्या सदस्य होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमातला ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारा शब्द जाऊन ‘सर्व मानव’ आला, तो त्यांच्या आग्रहामुळे. फाइन आर्ट्स आणि होम सायन्स या दोन्ही विद्याशाखा १९५० साली, त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाल्या. फाइन आर्ट्सच्या चित्रकला विभागाची घडी बसवणारे ना. श्री. बेंद्रे मूळचे इंदूरचे.

एक गोष्ट मुद्दाम लक्षात आणून द्यावीशी वाटते. हंसाबेन कधी दहा वर्षं प्राध्यापक नव्हत्या. आजच्या नियमांत त्यांचा अर्ज पहिल्या छाननीतच बाजूला पडला असता. नियम कडक झाले ते वशिलेबाजीला आळा घालायला, आणि ते योग्यच झालं. पण चाळणी बारीक केली की कधीकधी धान्यही अडकतं.

कुलगुरू व्हायला पात्रता काय लागते?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार विद्यापीठात प्राध्यापक म्हणून किमान १० वर्षं, किंवा नामांकित संशोधन अथवा शैक्षणिक प्रशासन संस्थेत १० वर्षांचा अनुभव आणि शैक्षणिक नेतृत्वाचा पुरावा. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा काढला. उद्योग, लोकधोरण वगैरे क्षेत्रांतल्या ज्येष्ठांनाही दार उघडावं असा त्यात प्रस्ताव होता. मसुद्याच्या भरवशावर अर्ज करू नये. ज्या जाहिरातीला अर्ज करता, तिच्यात जो नियम छापलाय तोच खरा.

पीएचडी असणं, विभागप्रमुख असणं, अधिष्ठाता (विद्याशाखेचे प्रमुख) असणं, पुस्तकं असणं या सगळ्याचा उपयोग होतो. पण दहा वर्षं भरत नसतील तर बाकीचं कोणी उघडूनही पाहत नाही.

ती दहा वर्षं नेमकी कशी मोजतात?

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

‘प्राध्यापक’ म्हणजे वर्गात शिकवणारे सगळे नव्हेत. सातव्या वेतन आयोगात वेतनस्तर १४ चं जे पद आहे ते. सहायक प्राध्यापक (स्तर १०) आणि सहयोगी प्राध्यापक (स्तर १३ए) म्हणून केलेली सेवा या दहात धरत नाहीत. कॉलेजचे प्राचार्य, संस्थेचे संचालक, खासगी विद्यापीठातले ‘सिनियर प्रोफेसर’ यांची वर्षं धरली जातील की नाही हे पदनामावर ठरत नाही. ते पद विद्यापीठातल्या प्राध्यापकपदाशी समकक्ष होतं का, निवड रीतसर समितीने केली होती का आणि पगार त्या श्रेणीत मिळत होता का, हे पाहिलं जातं.

दुसरी गोम बढतीच्या तारखेत आहे. समजा एखाद्या बाईंची प्राध्यापकपदाची पात्रता १ जुलै २०१४ ला पूर्ण झाली, पण निवड समिती बसून आदेश निघाला १४ फेब्रुवारी २०१७ ला. अर्जाची शेवटची तारीख ३१ मार्च २०२६ असेल तर पात्रतेच्या तारखेपासून ११ वर्षं ९ महिने होतात आणि आदेशाच्या तारखेपासून मोजलं तर जेमतेम ९ वर्षं दीड महिना. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे पहिल्याच मूल्यमापनात उत्तीर्ण झालेल्याची बढती पात्रतेच्या तारखेपासून धरतात. पहिल्या फेरीत नापास होऊन नंतर यश मिळालं तर नंतरचीच तारीख लागू होते. म्हणून बढतीच्या आदेशात ‘या तारखेपासून अंमल’ हे वाक्य स्पष्ट आहे का, ते आदेश हातात पडला त्याच दिवशी वाचावं. नसेल तर कुलसचिवांकडे (रजिस्ट्रार) तेव्हाच दुरुस्तीचा अर्ज करावा. दहा वर्षांनी तो कागद शोधायला गेलं की आस्थापना शाखेतला माणूस बदललेला असतो आणि फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेलेली असते.

पगाराची निश्चिती पत्रकं आणि सेवापुस्तिकेच्या नोंदी यांच्या प्रती स्वतःकडे ठेवाव्यात. छाननीत वाद झाला तर पदनाम छापलेलं ओळखपत्र कोणी पाहत नाही. पाहतात ते वेतननिश्चिती.

मग साधारण कोणत्या वयात माणूस इथवर पोचतो?

हिशेब सोपा आहे. पीएचडी घेऊन सहायक प्राध्यापक म्हणून लागलात तर स्तर १० वरून ११ वर जायला ४ वर्षं, ११ वरून १२ वर ५ वर्षं, १२ वरून सहयोगी प्राध्यापक व्हायला ३ वर्षं, तिथून प्राध्यापक व्हायला आणखी ३. झाली १५. त्यावर प्राध्यापकपदाची १०. म्हणजे तिसाव्या वर्षी नोकरीला लागलेला माणूस सगळं वेळेवर झालं तरी ५५ चा होतो. आणि वेळेवर सहसा होत नाही. निवड समित्या रखडतात, रिफ्रेशर कोर्स राहून जातात, आवश्यक शोधनिबंध कमी भरतात.

थेट भरतीने हा रस्ता कमी होऊ शकतो. सहयोगी प्राध्यापकासाठी ८ वर्षांचा अनुभव, ७ प्रकाशनं आणि ७५ संशोधन गुण, तर प्राध्यापकासाठी १० वर्षं, १० प्रकाशनं आणि १२० गुण लागतात. ज्याला तरुणपणी पुढे जायचंय त्याने बढतीची वाट पाहण्यापेक्षा बाहेरच्या विद्यापीठांच्या थेट जाहिरातींवर डोळा ठेवावा. घर सोडायची तयारी मात्र हवी. बडोद्यात जन्मून, बडोद्यात शिकून, बडोद्यातच प्राध्यापक होऊन बडोद्याचाच कुलगुरू व्हायचं हे स्वप्न गोड आहे, पण शोध समिती अनुभव किती ठिकाणचा आहे तेही बघते.

निवड कोण करतं?

शोध व निवड समिती. आयोगाच्या नियमांनुसार तिच्यात ३ ते ५ सदस्य, त्यांतला एक आयोगाच्या अध्यक्षांनी दिलेला. सदस्यांचा त्या विद्यापीठाशी किंवा त्याच्या महाविद्यालयांशी कसलाही संबंध नसावा. समिती जाहिरात, नामांकन, किंवा स्वतःच्या शोधातून नावं गोळा करते, छाननी करते, थोड्या उमेदवारांशी संवाद साधते आणि नावांचं पॅनेल पाठवते. अंतिम नाव त्यातूनच निवडावं लागतं. प्रत्येक नावापुढे समितीने लेखी कारण द्यायचं असतं.

संवाद म्हणजे नोकरीची मुलाखत नव्हे. विषयाचं ज्ञान तिथे कोणी तपासत नाही. रिकाम्या जागा कशा भराल, हंगामी शिक्षकांचं काय कराल, विद्यापीठाच्या दर्जाच्या मूल्यांकनाची तयारी कुठवर आहे, स्वतःचा निधी कसा उभा कराल असे प्रश्न येतात. ज्याने त्या विद्यापीठाचा वार्षिक अहवाल आणि अंदाजपत्रक आधी वाचलेलं नसतं तो दोन मिनिटांत उघडा पडतो.

अर्जात लोक कुठे चुकतात?

बहुतेक अर्ज गुणवत्तेवर नाही, कागदांवर पडतात. सध्याच्या संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र वेळेत येत नाही, कारण कुलसचिवांकडे ते शेवटच्या आठवड्यात मागितलेलं असतं. दक्षता अहवाल (उमेदवारावर गैरव्यवहाराची चौकशी नसल्याचा) जोडलेला नसतो. जुनी विभागीय चौकशी बंद झालेली असते, पण ती बंद झाल्याचा लेखी आदेश हाताशी नसतो, आणि ‘चौकशी प्रलंबित’ अशी कुजबुज पुरेशी ठरते. अनुभवाच्या रकान्यात तारखा एकमेकांवर चढतात: एकाच काळात दोन संस्थांत पूर्णवेळ. शोधनिबंधांच्या यादीत बंद पडलेल्या किंवा पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांची नावं असतात.

आणि दृष्टिपत्र. दोन-तीन पानांत या विद्यापीठाचं काय करणार ते सांगायचं असतं. ‘जागतिक दर्जाचं केंद्र उभारू’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे ते नसल्यासारखंच. त्याऐवजी विद्यापीठाच्याच प्राच्यविद्या मंदिरातल्या जुन्या हस्तलिखितांचं डिजिटायझेशन किती वर्षांत, कोणत्या निधीतून, हे लिहिणारा लक्षात राहतो.

नेमणूक झाल्यावर न्यायालय ती रद्द करू शकतं का?

करू शकतं, आणि केलीही आहे, आपल्या शेजारीच. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंची नेमणूक रद्द केली. राज्याच्या कायद्यात कुलगुरूंची पात्रता ठरवलेलीच नव्हती. शोध समितीने निकष स्वतः ठरवले होते आणि आयोगाची दहा वर्षांची अट पाळली नव्हती. शिक्षण हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा विषय असल्यामुळे राज्याचा कायदा आणि आयोगाचे विनियम यांत विसंगती आली तर विनियम वरचढ, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केरळच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची नेमणूक गेली. तिथे समितीने पॅनेलऐवजी एकच नाव पाठवलं होतं.

सयाजीराव विद्यापीठातही जानेवारी २०२५ मध्ये तत्कालीन कुलगुरूंनी राजीनामा दिला, तेव्हा त्यांच्या पात्रतेबद्दलची याचिका गुजरात उच्च न्यायालयात होती. वर दहा वर्षांच्या मोजणीवर एवढं का लिहिलं ते आता कळलं असेल.

पगार किती असतो?

केंद्रीय विद्यापीठांच्या जाहिरातींत कुलगुरूंचं वेतन दरमहा २,१०,००० रुपये ठरावीक आणि ११,२५० रुपये विशेष भत्ता असं छापलेलं असतं. महागाई भत्ता वेगळा. राज्य विद्यापीठांत राज्य सरकारच्या आदेशाप्रमाणे. निवासस्थान, गाडी, फोन या सोयी पदासोबत येतात आणि पदासोबतच जातात. मूळ प्राध्यापकपदावरचा हक्क राखून गेलेल्यांची कुलगुरूपदाची वर्षं सेवाकाळात धरली जातात, त्यामुळे निवृत्तिवेतनाचं नुकसान होत नाही. जाताना मूळ संस्थेकडून तसा लेखी आदेश घ्यायला मात्र विसरू नये.

कुलगुरू दिवसभर करतात काय?

बैठका आणि फाइली. विद्यापरिषद, व्यवस्थापन मंडळ, वित्त समिती, निवड समित्या या सगळ्यांचं अध्यक्षपद त्यांच्याकडे असतं. २०२३ च्या कायद्याने जुनं सेनेट आणि सिंडिकेट गेलं आणि त्या जागी व्यवस्थापन मंडळ आलं. निवडून आलेल्या सदस्यांशी घासाघीस करायचं ओझं कमी झालं. पण चूक झाली तर वाटून घ्यायलाही आता कोणी नाही.

एक फाइल कशी चालते ते पाहा. एका विभागाला प्रयोगशाळेचं उपकरण हवंय. विभागप्रमुख टिपणी लिहितात, अधिष्ठाता शिफारस करतात, खरेदी शाखा तीन दरपत्रकं किंवा निविदा मागवते, लेखा शाखा अंदाजपत्रकातल्या कोणत्या शीर्षाखाली पैसे आहेत ते लिहिते, कुलसचिव सही करतात, मग फाइल कुलगुरूंच्या टेबलावर. तिथे लेखा शाखेच्या टिपणीत ‘तरतूद उपलब्ध, पण शीर्ष वेगळं’ अशी ओळ बारीक अक्षरात असेल आणि ती न वाचता ‘मंजूर’ लिहिलं, तर तीन वर्षांनी लेखापरीक्षणाचा आक्षेप कुलगुरूंच्या नावावर निघतो. अनुभवी माणूस सहीआधी सगळ्यात खालच्या टेबलाची टिपणी पहिल्यांदा वाचतो. नवा माणूस वरची शिफारस वाचून सही करतो.

बहुतेक विद्यापीठ कायद्यांत तातडीच्या वेळी मंडळाची वाट न पाहता निर्णय घ्यायचा अधिकार कुलगुरूंना असतो, मात्र तो पुढच्या बैठकीत मांडावा लागतो. पूर आला, विश्वामित्री नदीचं पाणी वसतिगृहापर्यंत चढलं आणि परीक्षा पुढे ढकलायची आहे, यासाठी ती तरतूद. नियमित भरतीसाठी ती वापरली की समजावं, वाद येतोय.

माझ्या मुलाला प्रवेश मिळाला नाही. कुलगुरूंना भेटून उपयोग होईल का?

प्रवेशासाठी, नाही. २०२४-२५ पासून राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे पदवी प्रवेश जीकॅस या सामायिक पोर्टलवरून होतात. गुणवत्ता यादीत फेरफार करायचा अधिकार कुलगुरूंना नाही. ‘आमच्या काकांची ओळख आहे’ हे वाक्य बाहेरच ठेवावं. स्थानिक मुलांना जागा कमी पडतात हा प्रश्न मात्र खरा आहे, विशेषतः वाणिज्य शाखेत. पण तो जागावाढीचा धोरणप्रश्न आहे, एका अर्जाचा नाही.

तक्रार असेल (निकाल अडला, शुल्क परत मिळत नाही, मूळ कागदपत्रं रोखली) तर रस्ता ठरलेला आहे. आधी विभागप्रमुख, मग अधिष्ठाता, दोन्ही ठिकाणी लेखी, पोच घेऊन. त्यानंतर विद्यार्थी तक्रार निवारण समिती. अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. समाधान झालं नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या विद्यार्थी-लोकपालांकडे अपील करता येतं, आणि लोकपालांनी ते ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करायचा असतो. पहिल्या दोन पायऱ्यांच्या पोच नसल्या तर पुढे सगळं अडतं. थेट कुलगुरूंना पाठवलेला ईमेल फिरून विभागप्रमुखांकडेच येतो, आणि मधले दहा दिवस वाया जातात.

कुलगुरूंना मुदतीआधी काढता येतं का? इंदूरचे नातेवाईक ‘कलम ५२’ म्हणतात ते काय?

कलम ५२ मध्य प्रदेशच्या १९७३ च्या विद्यापीठ अधिनियमातलं आहे. कारभार कोलमडला असं सरकारला वाटलं तर त्याखाली कुलगुरूंना हटवून विद्यापीठाची सूत्रं वेगळ्या व्यवस्थेकडे देता येतात. इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठात २०१९ मध्ये प्रवेश परीक्षेच्या गोंधळानंतर ते लागलं. बडोद्याला ते लागू नाही. इथे २०२३ चा कायदा चालतो. आधी १९४९ च्या कायद्याखाली कुलगुरूंची मुदत ३ वर्षांची होती, आता ती ५ वर्षांची आहे.

मुदत संपली आणि नवी नेमणूक झाली नाही तर प्रभारी कुलगुरू येतात. प्रभारींच्या काळात मोठे निर्णय सहसा लांबणीवर पडतात. त्यामुळे प्रकल्पाचा प्रस्ताव असेल तर मुदत संपायच्या सहा महिने आधीच पुढे सरकवावा.

प्र-कुलगुरूंचं काय?

प्र-कुलगुरू म्हणजे कुलगुरूंच्या खालोखालचं पद. आयोगाच्या विनियमांनुसार त्यांची नेमणूक कुलगुरूंच्या शिफारशीवरून होते आणि मुदतही कुलगुरूंच्या मुदतीबरोबरच संपते.

बडोद्याला मराठी कुलगुरू लाभले आहेत का? पद सोडल्यावर ही माणसं काय करतात?

हो, डॉ. अनिल काणे. ते अभियंते, पवनऊर्जेच्या क्षेत्रातलं नाव, जागतिक पवनऊर्जा संघटनेचे अध्यक्षही होते. बाहेरून आलेल्यांत राज्यशास्त्रज्ञ भिखू पारेख १९८१ ते १९८४ या काळात इथे कुलगुरू होते. ते इंग्लंडमधल्या हल विद्यापीठातून आले, मुदत संपल्यावर तिथेच परतले, आणि २००० साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेले. प्रा. योगेश सिंह बडोद्यानंतर दिल्लीला गेले आणि २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

सर्वसाधारणपणे तीन वाटा दिसतात: दुसऱ्या विद्यापीठाचं कुलगुरूपद, मूळ विभागात प्राध्यापक म्हणून परत, किंवा मूल्यांकन आणि शोध समित्यांची कामं. विद्यार्थ्यांच्या लोकपालपदासाठीही निवृत्त कुलगुरू पात्र असतात. मूळ विभागात परतणं सगळ्यात अवघड. कालपर्यंत ज्यांच्या रजा मंजूर केल्या, त्यांनी ठरवलेल्या वेळापत्रकात तास घ्यायचे असतात.

कुलगुरूंच्या नेमणुकीची कागदपत्रं सामान्य माणसाला मिळू शकतात का?

माहिती अधिकारात मागता येतात. गुजरातेत अर्जाचं शुल्क २० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘नेमणुकीची सगळी माहिती द्या’ असं लिहिलं तर ‘माहिती विस्तृत आहे’ म्हणून अर्ज परत येतो. त्याऐवजी एकेक कागद नावानिशी मागावा: जाहिरातीची प्रत, शोध समिती नेमल्याचा आदेश, आयोगाच्या प्रतिनिधीचं नामनिर्देशनाचं पत्र, समितीने पाठवलेल्या पॅनेलची प्रत, नेमणुकीचा आदेश. अर्ज शिक्षण विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करावा, कारण मूळ फाइल तिथे असते. विद्यापीठाकडे केला तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करायची जबाबदारी त्यांची असते. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपील अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करावं, आणि मूळ अर्जाची पोच त्याला जोडावी.